मौजे, कसबे आणि शहर : भूमी व लोकसंख्या यांच्या वितरणासंबंधी काही विचार

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात सुकेणे या नावाची दोन गावे आहेत. एक मौजे सुकेणे आणि दुसरे कसबे सुकेणे. सांगलीजवळ डिग्रज नावाची अशीच जोडी आहे : मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज. आज ही पदे नावाचाच एक भाग होऊन बसली आहेत आणि त्यांच्या अर्थाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. जुन्या महसुली व्यवहारात मात्र त्यांना नेमका अर्थ होता. मौजे म्हणजे शेतकऱ्यांचे गाव. कसबे म्हणजे जेथे बाजार भरतो, कारागीर व उदमी राहतात, आसपासच्या गावांचा हिशेब व न्यायनिवाडा ज्या ठिकाणी येतो अशी वस्ती. व्यापारासाठी मुद्दाम वसविलेली ती पेठ. शहर ही या सर्वांहून निराळी गोष्ट. कसबा हा शब्द मूळचा अरबी. तो हिंदी, उर्दू आणि बंगाली या भाषांतही रुळलेला आहे, आणि त्या भाषांतही तो गाव आणि शहर यांच्या मधल्या पायरीचाच वाचक आहे. म्हणजे देशाच्या फार मोठ्या भागात लोकवस्तीच्या किमान तीन पायऱ्या आहेत ही जाण भाषेतच मुरलेली होती.

विसाव्या शतकातील राज्यकारभाराने ही मधली पायरी काढून टाकली. जनगणनेच्या तक्त्यात दोनच रकाने उरले : ग्रामीण आणि नागरी. राज्यघटनेने स्थानिक स्वराज्याची व्यवस्था लावली तीही दोनच भागांत : पंचायती आणि नगरपालिका. महसूल खात्याच्या दप्तरात जमीनही दोनच प्रकारची, शेतीची आणि बिनशेती. हे तीन दुभाग एकमेकांशी जुळते असते तर तक्रारीला जागा नव्हती. वस्तुतः ते जुळत नाहीत. जनगणना ज्या वस्तीला नगर म्हणते तिला कायदा खेडे म्हणतो आणि तिच्या जमिनीची नोंद महसुली दप्तरात पुष्कळदा अजून जिराईत म्हणूनच असते. या विसंगतीला आपण आजवर आकडेशास्त्रातील एक तांत्रिक अडचण समजत आलो आहोत. माझ्या मते देशातील लोकसंख्या आज कोठे जाऊन वसते आहे आणि ती तेथेच का वसते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

प्रथम गणनेचा विचार करू. १९६१ पूर्वी नगर कशाला म्हणावे हे पुष्कळसे त्या त्या प्रांतातील जनगणना अधीक्षकांच्या मतावर अवलंबून असे. १९६१ च्या जनगणनेत देशभर एकच व्याख्या लागू झाली. नगरपालिका, महानगरपालिका, कटकमंडळ अशी कायद्याने स्थापन झालेली संस्था जेथे आहे ते वैधानिक नगर. याखेरीज जेथे लोकसंख्या किमान ५,००० आहे, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आहेत आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, ते स्थळ कायद्याने खेडे असले तरी गणनेपुरते नगर समजायचे. यालाच जनगणना-नगर म्हणतात. नवी व्याख्या कडक असल्यामुळे १९५१ साली नगर म्हणून गणलेली शेकडो स्थळे १९६१ मध्ये पुन्हा खेडी झाली, आणि त्या दशकात भारताचे नागरीकरण मंदावले की काय अशी चर्चा अभ्यासकांत झाली. तेथील माणसे होती तेथेच होती. बदलला होता तो रकाना.

या व्याख्येतील एका शब्दावर थोडे थांबले पाहिजे. दुसऱ्या निकषात कामकरी मोजले जातात ते फक्त पुरुष. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूरच्या बाजूला किंवा आपल्या सोलापुरात घराघरांतून बिड्या वळल्या जातात आणि वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. वस्ती गाव की नगर हे ठरविताना त्यांच्या श्रमाला किंमत नाही. याच्या उलटही घडते. पुरुष शहरात कामाला जाऊ लागले आणि शेती स्त्रियांवर सोपवली गेली तर निकषाच्या दृष्टीने ते गाव शेतीतून बाहेर पडले असे ठरते. अर्धी माणसे वगळून केलेल्या या मोजणीला साठ वर्षांत फारसा कोणी आक्षेप घेतला नाही, हे नवल म्हटले पाहिजे.

२००१ च्या जनगणनेत देशात १,३६२ जनगणना-नगरे होती. २०११ मध्ये त्यांची संख्या ३,८९४ झाली. याच दहा वर्षांत वैधानिक नगरे ३,७९९ वरून ४,०४१ पर्यंतच पोचली. जवळजवळ तिपटीने वाढलेल्या या नव्या वर्गात पाच कोटींहून अधिक माणसे राहत होती. २०११ चे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा एका गोष्टीचा फार गाजावाजा झाला : स्वातंत्र्यानंतर प्रथमच दहा वर्षांत नागरी लोकसंख्येत पडलेली भर, सुमारे ९ कोटी १० लाख, ही ग्रामीण लोकसंख्येत पडलेल्या ९ कोटी ५ लाखांच्या भरीपेक्षा अधिक ठरली. वृत्तपत्रांनी याचा अर्थ खेड्यांतून शहरांकडे लोंढे निघाले आहेत असा लावला. पण पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की या नागरी वाढीचा सुमारे तीस टक्के भाग, म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास माणसे, नव्याने नगर ठरलेल्या खेड्यांतील होती. ती कोठूनही कोठे गेलेली नव्हती. त्यांच्या दाराशी शहर आले होते, किंवा शहर म्हणता येईल असे काहीतरी त्यांनी जागच्या जागी उभारले होते. आणि अशी सर्वच स्थळे महानगरांच्या छायेत आहेत असेही नाही. लाखाच्या वरच्या शहरांलगत असलेली नवी जनगणना-नगरे निम्म्याहून कमी भरतात.

केरळचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. २००१ मध्ये त्या राज्याची २६ टक्के लोकसंख्या नागरी होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४७.७ टक्क्यांवर गेले. जनगणना-नगरे ९९ वरून ४६१ झाली. मलप्पुरम जिल्ह्यात तर नागरी लोकसंख्येचे प्रमाण दहा वर्षांत ९.८ टक्क्यांवरून ४४.२ टक्के झाले. दहा वर्षांत एखादा जिल्हा असा शहरी होतो तेव्हा तेथे एखादे औद्योगिक केंद्र उभे राहिले असावे अशी आपली समजूत होते. मलप्पुरममध्ये तसे काही झाले नव्हते. तेथील माणसे आखाती देशांत काम करीत होती आणि त्यांनी पाठविलेल्या पैशातून नारळाच्या व सुपारीच्या वाडीत घरे उठत होती, रस्त्याकडेला दुकाने, शाळा, दवाखाने निघत होते. केरळात महाराष्ट्रासारखे घट्ट गावठाण आणि त्याभोवती मोकळे रान अशी रचना पूर्वीपासूनच नाही. घर आपापल्या वाडीत असते आणि सखल भागात भातखाचरे असतात. पाणी सर्वत्र हाताशी असल्यामुळे एका विहिरीभोवती गोळा होण्याची गरज तेथे पडली नाही. अशा प्रदेशात शहर आले ते पसरूनच आले, आणि त्याची किंमत भातखाचरांनी दिली. १९७० च्या दशकाच्या मध्यास राज्यात सुमारे ८.८ लाख हेक्टरांवर भात होता. २०१० च्या सुमारास तो दोन लाख हेक्टरांच्या आसपास उरला. भातजमीन व पाणथळ जमीन राखण्याचा कायदा केरळ विधानसभेने २००८ मध्ये केला, पण तोपर्यंत भराव पडून गेले होते. लोकसंख्येचे वितरण आणि भूमीचा वापर हे दोन विषय नसून एकच विषय आहे, हे मलप्पुरमच्या रस्त्याने एकदा गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पश्चिम बंगालची हकीकत निराळी आहे. तेथे जनगणना-नगरे २५२ वरून ७८० झाली, पण त्यामागे बाहेरून आलेला पैसा नव्हता. शेतीत पोट भरेना म्हणून हातगाडी, किरकोळ दुकान, घरगुती कारखानदारी, विटभट्टी यांकडे वळलेल्या माणसांचे ते नागरीकरण आहे. एकाच रकान्यात समृद्धी आणि अगतिकता शेजारी शेजारी बसल्या आहेत. अर्थशास्त्रज्ञ नी. वि. सोवनी यांनी १९६० च्या दशकात अतिनागरीकरणाच्या कल्पनेची तपासणी करताना, पाश्चात्त्य देशांच्या इतिहासातून काढलेली उद्योग व नगरे यांची प्रमाणे आपल्याकडे मापदंड म्हणून वापरण्यास हरकत घेतली होती. त्या हरकतीचे स्मरण आज पुन्हा व्हावयास हवे. नागरी लोकसंख्येची टक्केवारी ही प्रगतीची पायरी मानण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती सवय मलप्पुरम व मुर्शिदाबाद यांना एकाच पायरीवर उभे करते.

आता कायद्याकडे वळू. १९९२ साली संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात नगररचना आणि जमिनीच्या वापराचे नियमन ही कामे त्यांच्याकडे सोपविली. ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगर पंचायत नावाची संस्थाही सांगितली. घटनाकारांनंतरच्या पिढीला कसब्याची आठवण झाली ती एवढीच. पण कोणते क्षेत्र संक्रमणशील आहे हे ठरविण्याचा अधिकार राज्यपालांकडे, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाकडे, राहिला. आणि जनगणनेने नगर म्हटले म्हणून राज्याने तेथे नगर पंचायत स्थापन केलीच पाहिजे असे बंधन कोठेही नाही. म्हणून वीस हजार वस्तीच्या, तीन-चार मजली इमारतींनी गजबजलेल्या स्थळाचा कारभार एक ग्रामसेवक आणि एक सरपंच पाहतात. त्यांच्याजवळ नगररचनाकार नाही, सांडपाण्याची योजना नाही, आणि इमारतीचा नकाशा तपासू शकेल असा माणूसही बहुधा नसतो.

याचा दोष सरळ राज्य शासनांच्या आळसाला द्यावा असा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण गाव म्हणून राहण्यात गावकऱ्यांचा आणि राज्यांचा खराखुरा लाभ आहे. ग्रामीण घरकुल, ग्रामीण रोजगाराची हमी, ग्रामीण रस्ते यांचा पैसा पंचायतीच्या वाटेने येतो. नगरपालिका झाली की तो थांबतो आणि घरपट्टी मात्र वाढते. तमिळनाडूने २००४ साली आपल्या पाचशेहून अधिक नगर पंचायतींना विशेष ग्रामपंचायतींचा दर्जा दिला तो ग्रामीण योजनांचा निधी मिळावा म्हणूनच, आणि २००६ मध्ये त्यांना पुन्हा नगर पंचायती केले. देशात सर्वाधिक नागरीकरण झालेल्या मोठ्या राज्यांपैकी एकाने एका आदेशाने शेकडो नगरे ग्रामीण केली आणि दोन वर्षांनी परत नागरी केली! कल्याणजवळच्या २७ गावांची कथाही अशीच आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ती गावे तिच्यात गेली. गावकऱ्यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे परत वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने रद्द केला. या सदतीस वर्षांत तेथील शेतांवर चाळी आणि इमारती उठायच्या थांबल्या नाहीत. दर वेळी बदलला तो परवानगी देणारा हात, आणि ज्या काळात कोणता हात खरा याबद्दल संभ्रम होता त्या काळात बांधकाम अधिकच वेगाने झाले.

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. जमिनीचे नियमन जेथे सैल असते तेथे जमीन स्वस्त असते, आणि ज्यांना शहरात काम आहे पण शहरात घर परवडत नाही अशी माणसे तेथे जातात. दिल्लीतील लाल डोऱ्याचे उदाहरण या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या प्रत्यक्ष परिचयाचे असेल. १९०८ च्या महसुली व्यवस्थेत गावाची राहती वस्ती शेतीपासून वेगळी दाखविण्यासाठी नकाशावर तांबडी रेघ ओढली गेली. पुढे १९५७ मध्ये विकास प्राधिकरण आले, १९६२ मध्ये बृहद्-आराखडा आला, गावांभोवतीची शेते संपादन झाली आणि त्यांवर वसाहती, कचेऱ्या, विद्यापीठे उभी राहिली. पण तांबड्या रेघेच्या आतील वस्तीला बांधकामाच्या उपविधींतून सूट मिळाली. शेत गेलेल्या गावकऱ्याजवळ उरली ती रेघेच्या आतील घराची जागा. त्याने तिच्यावर मजल्यांवर मजले चढविले आणि खोल्या भाड्याने दिल्या. मुनीरका, कटवारिया सराय, बेर सराय येथील अंधाऱ्या गल्ल्यांतून राहिल्यावाचून परप्रांतातून आलेल्या किती विद्यार्थ्यांना राजधानीत शिकता आले असते, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांनी स्वतःस विचारावयास हवा होता. गरिबांची, विद्यार्थ्यांची आणि नव्याने आलेल्यांची सोय आराखड्याने केली नाही. ती त्या रेघेच्या आत झाली, आणि हवा, उजेड व आगीपासूनची सुरक्षितता यांची किंमत मोजून झाली.

महाराष्ट्रात हेच काम गुंठेवारीने केले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकण्यास मनाई केली. हेतू स्तुत्य होता. शेती परवडणार नाही इतकी तिची विभागणी होऊ नये. पण शहराच्या कडेला जमीन घेणाऱ्याला शेती करायचीच नसते. त्याला एक-दोन गुंठे हवे असतात, म्हणजे हजार-दोन हजार चौरस फूट. मग दहा-वीस जणांनी मिळून एकत्र खरेदीखत करायचे, सातबाराच्या उताऱ्यावर सर्वांची नावे सामाईक चढवायची, आणि जागेवर फक्कीने आखून आपापला प्लॉट धरायचा. रस्ता किती सोडायचा हे विकणाऱ्याच्या मर्जीवर. २००१ मध्ये शासनाने अशी बांधकामे नियमित करण्यासाठी वेगळा कायदा केला, आणि तुकडेबंदीचा निर्बंधही पुढे सैल होत गेला. शेती राखण्यासाठी केलेल्या कायद्याने शेती राखली गेली नाही. फक्त तिच्यावर उठलेल्या वस्तीला दहा फुटी रस्ते आणि संदिग्ध मालकी मिळाली. माणसांप्रमाणे मालही याच वाटेने जातो. भिवंडीच्या बाजूला काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे या गावांत गोदामांची जी अफाट वसाहत उभी राहिली ती मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीवर. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेली. गोदामे आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत राहणारे हमाल तेथेच आहेत.

अशा रीतीने किती शेतजमीन वस्तीखाली गेली, हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या राष्ट्रीय आकडेवारीत सापडत नाही. देशातील जमिनीची नोंद नऊ वर्गांत होते, आणि त्यांपैकी बिगरशेती वापराखालील जमीन हा एक वर्ग आहे. १९५०-५१ मध्ये त्यात सुमारे ९४ लाख हेक्टर जमीन होती. आता ती अडीच कोटी हेक्टरांच्या वर गेली आहे. हा आकडा शहरे शेती गिळत आहेत याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण या वर्गात इमारती, रस्ते आणि लोहमार्ग यांच्या जोडीला नद्या, कालवे आणि जलाशय यांखालील जमीनही धरलेली आहे. म्हणजे कोयनेचे किंवा भाक्राचे पाणी आणि पिंपरीचे कारखाने एकाच खात्यात! दुसरीकडे जनगणनेने नगर म्हणून धरलेल्या सर्व स्थळांचे क्षेत्रफळ २०११ मध्ये सुमारे एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होते; आणि त्यातही नगरपालिकेच्या हद्दीतील शेते आणि डोंगर आले. माणसांची मोजणी एका खात्याने एका रेषेने करायची, जमिनीची दुसऱ्या खात्याने दुसऱ्या रेषेने, आणि या दोन रेषा एकत्र ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नाही, अशी ही स्थिती आहे.

जमिनीच्या प्रश्नाला हात घालण्याचा मोठा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा हा तसा प्रयत्न होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे ५०० चौरस मीटरांपेक्षा अधिक रिकामी जमीन एकाजवळ राहू नये अशी त्याची मर्यादा होती. सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन अतिरिक्त ठरली, आणि प्रत्यक्ष शासनाच्या ताब्यात आली ती १९ हजार हेक्टरांच्या आसपास. सूट देण्याचे कलम कायद्याच्या पोटातच होते. केंद्राने १९९९ मध्ये आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तो रद्द केला. त्याच्या अपयशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की तो कायदा शहरांच्या आत पाहत होता, आणि त्याच काळात वाढ शहरांच्या बाहेर चालली होती.

लोकसंख्येचे वितरण सुधारण्यासाठी आखलेल्या योजनांचा रोख मात्र स्थळांवर राहिला. १९७९-८० मध्ये लहान व मध्यम नगरांच्या एकात्मिक विकासाची योजना आली. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नागरीकरण आयोगाने १९८८ च्या अहवालात ३२९ नगरे आर्थिक चालनेची केंद्रे म्हणून सुचविली. १९७० पासून नवी मुंबई उभारली गेली ती मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून. आता मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची, लोकसंख्या खरोखरच घटली आहे. १९८१ मध्ये ती सुमारे ३२ लाख ८५ हजार होती आणि २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. कलकत्ता महानगरपालिकेच्या हद्दीतही २००१ ते २०११ या काळात लोकसंख्या कमी झाली. भार हलका झाला असे म्हणावे काय? गिरणगावातील जमिनीचा वापर बदलला, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि कामगारांची मुले बदलापूर-विरारकडे गेली. ती कोठे जावीत हे कोणत्याही योजनेने ठरविले नव्हते. जमिनीच्या भावाने ठरविले.

उपाय काय? एक उपाय केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुचविला : राज्यांनी आपापल्या हद्दीतील सुमारे पावणेचार हजार जनगणना-नगरांचे रूपांतर नगरपालिकांत करावे. प्रतिसाद थोडाच मिळाला, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे त्यात आश्चर्य नाही. मला हा उपाय मुळातच पुरेसा वाटत नाही. नगरपालिका झाल्याने मुख्याधिकारी येतो आणि कर येतो. पण तोवर प्लॉट पडून गेलेले असतात. वस्तीचा दर्जा बदलेपर्यंत जमिनीचे नियोजन थांबवून ठेवण्यात चूक आहे. क्रम उलटा हवा. नियोजन आधी व्हावे, मग ती वस्ती पंचायत राहो की पालिका होवो.

त्यासाठी नवी घटनादुरुस्ती लागत नाही. ७४ व्या दुरुस्तीनेच प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, त्यांत अवकाशीय नियोजन आणि पाण्याची वाटणी हेही स्पष्ट शब्दांत आले आहे, लक्षात घेऊन सबंध जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. गाव आणि शहर या दोघांकडे एकदम पाहण्याचा अधिकार असलेली घटनेतील ही जिल्हा पातळीवरील एकमेव संस्था. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली निधीची वाटणी, एवढाच तिचा लौकिक उरला आहे. या समितीने जिल्ह्यातील शंभर-दीडशे वाढत्या गावांचे साधे नकाशे करावेत. प्रत्येक नकाशावर पुढील वीस वर्षांत लागणारे मुख्य रस्ते, पाण्याची टाकी, ओढ्याची पात्रे, शाळा आणि स्मशानभूमी एवढ्याच गोष्टी आखाव्यात आणि तेवढी जमीन राखून ठेवावी. उरलेल्या जमिनीवर काय बांधावे याचा तपशील मागाहून ठरला तरी चालेल. शंभर पानी विकास आराखडा पंधरा वर्षांनी मंजूर होण्यापेक्षा असा एक पानी नकाशा एका वर्षात होणे अधिक उपयोगाचे आहे. आणि घरकुल-रोजगाराच्या ग्रामीण योजना वस्तीचा दर्जा बदलताच बंद न करता दहा वर्षे हळूहळू कमी कराव्यात. म्हणजे गाव राहण्यातच शहाणपण आहे असे गावकऱ्याला वाटणार नाही.

जनगणनेपुरते बोलायचे तर, २०२१ ची गणना झाली नाही आणि पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. मागील खेपेस जनगणना-नगरांची यादी गणनेच्या आधीच, २००१ च्या आकड्यांवरून तयार केली होती. त्या वर्षी ४,००० लोकसंख्या असलेले गाव २०११ पर्यंत ५,००० वर जाईल असे धरून. तीच पद्धत पुढे चालविली तर सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून आजची नगरे ठरतील. ज्या गावात २०११ नंतर महामार्ग आला किंवा कारखान्याची वसाहत झाली ते यादीत येणारच नाही. यादी गणनेनंतर करावी, कामकऱ्यांत स्त्रियांना धरावे आणि तक्त्यात ग्रामीण व नागरी यांच्यामध्ये तिसरा रकाना असावा. त्याला नाव काय द्यावे यासाठी परिभाषा समिती नेमण्याचे कारण नाही. कसबे सुकेण्याच्या पाटीवर ते लिहिलेले आहे.